हिरड्यांच्या रोगावरची लस उंदरात चालते, मग माणसापर्यंत का येत नाही?

पेरिओडॉन्टिक्समध्ये (हिरड्यांच्या शास्त्रात) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूविरुद्ध प्राण्यांमध्ये यशस्वी ठरलेल्या लशींचे शोधनिबंध तीसेक वर्षे येत आहेत, तरी माणसासाठी एकही लस मंजूर का नाही? प्रतिजन (प्रतिपिंडांना ओळख पटवायला लशीत घालायचा जंतूचा घटक) कोणता निवडावा, प्रयोग कसा मांडावा आणि प्रबंधाच्या मुदतीत यातले काय जमण्यासारखे आहे?

आधी मुद्द्याचे सांगतो. प्रतिपिंडे तयार करणे हा या कामातला अडसर कधीच नव्हता. जुना पायरिया (पेरिओडॉन्टायटिस) असलेल्या रुग्णाच्या रक्तात या जंतूविरुद्धचे आयजीजी, म्हणजे रक्तातले मुख्य प्रतिपिंड, बहुतेक वेळा आधीच भरपूर असते. तरीही पॉकेट (दात आणि हिरडी यांमधली फट) खोल होत जाते आणि हाड झिजत राहते. याची दोन कारणे आहेत. एक, ही नैसर्गिक प्रतिपिंडे पकडीला कमजोर असतात आणि जंतूच्या हत्यारांवर बसण्याऐवजी त्याच्या बिनमहत्त्वाच्या भागांवर बसतात. दोन, हिरडीतले हाड जंतू खात नाही, आपल्याच पेशी खातात. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे लशीचे नेहमीचे सूत्र इथे जसेच्या तसे लावले तर नुकसानही होऊ शकते. या रोगावरच्या लशीने विशिष्ट हत्यार निकामी करायचे असते आणि ते करताना जळजळ वाढू द्यायची नसते. पुढची प्रत्येक निवड, म्हणजे प्रतिजन, अ‍ॅडज्युव्हंट (लशीचा प्रतिसाद वाढवणारा घटक), चाचणी, प्राणी, या एका कसोटीवर घासून पाहावी.

एकाच जंतूवर नेम का धरायचा

हिरडीखालच्या प्लाकमध्ये शेकडो प्रजाती असतात. १९९८ मध्ये सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यांची रंगांप्रमाणे गटवारी केली. त्यातल्या ‘लाल गटा’त तीन जंतू आहेत: पी. जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. हे तिघेही खोल पॉकेटात एकत्र सापडतात. मग तिघांपैकी एकालाच का पकडायचे?

याचे आजवरचे सर्वांत चांगले उत्तर २०११ मध्ये हाजिशेंगालिस यांच्या गटाने दिले. उंदराच्या तोंडात पी. जिंजिव्हॅलिसचे प्रमाण एकूण जंतूंच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी असताना बाकीच्या जंतूंची संख्या आणि घडण बदलली, आणि हाड झिजले. पूर्णपणे जंतुमुक्त उंदरांना तोच जंतू दिला तेव्हा मात्र हाड झिजले नाही. म्हणजे हा स्वतः फारसे तोडत नाही, इतरांकडून तोडून घेतो. त्यासाठी तो पूरक प्रथिनांची (कॉम्प्लिमेंट, जंतूंविरुद्ध लढणारी रक्तातली प्रथिने) साखळी वाकडी करतो. त्याची प्रथिनभक्षक विकरे (एन्झाइम) त्या साखळीतले सी५ कापून सी५ए बनवतात. त्यामुळे न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात खरे, पण त्यांचे मारण्याचे काम मंदावते. या जागी नेम लागला तर एकट्या जंतूवरची लसही पुरू शकते, असा हा तर्क आहे.

मात्र हा तर्क सगळ्या रुग्णांना लागू नाही. पेरिओडॉन्टायटिसच्या प्रत्येक रुग्णात पी. जिंजिव्हॅलिस सापडत नाही. किशोरवयात दाढा आणि पुढच्या दातांभोवती झपाट्याने हाड जाते त्या प्रकारात अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटान्स हा वेगळाच जंतू महत्त्वाचा असतो. त्याच्या जेपी२ वंशात ल्यूकोटॉक्सिन या विषाच्या जनुकाच्या नियंत्रक भागातला ५३० बेसचा तुकडा गळालेला असतो आणि विष कितीतरी जास्त बनते. मोरोक्कोतल्या किशोरांवरील २००८ च्या अभ्यासात हा वंश बाळगणाऱ्यांचा धोका सुमारे १८ पट निघाला. त्या रुग्णांसाठी ल्यूकोटॉक्सिन हाच योग्य प्रतिजन ठरेल. अडचण अशी की ते विष माणसाच्या आणि काही माकडांच्या पांढऱ्या पेशी मारते, उंदराच्या पेशींवर त्याचा तसा परिणाम होत नाही. लस तपासायला सोपा प्राणीच उरत नाही.

प्रतिजनाची निवड

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णाच्याच हिरडीतले जंतू वाढवून, मारून, त्यालाच टोचण्याची पद्धत होती. त्यातून काही हाती लागले नाही. आधुनिक पुरावा सुरू होतो तो १९९४ मध्ये. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने मकाका फॅसिक्युलॅरिस माकडांना फॉर्मालिनने मारलेले अख्खे जंतू टोचले, दाताभोवती दोरा बांधून रोग घडवला आणि लस दिलेल्या माकडांत हाडाची झीज कमी झाल्याचे दाखवले. पण अख्ख्या जंतूबरोबर लिपोपॉलिसॅकराइडही (जंतूच्या आवरणातला दाह चेतवणारा घटक) येते आणि प्रत्येक बॅच वेगळी निघते. माणसासाठी हा रस्ता मला बंदच वाटतो. त्याच परंपरेतल्या गटाने २००७ मध्ये शुद्ध केलेल्या सिस्टीन प्रोटीएजवर (याच जंतूच्या प्रथिनभक्षक विकरांवर) तसाच प्रयोग केला आणि तोही यशस्वी झाला. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत दखलपात्र दोन प्रयोग हेच, कारण माकडाच्या तोंडात माणसासारखे प्लाक असते.

आता तुकड्यांचा विचार करू. फिंब्रिया, म्हणजे जंतूच्या अंगावरचे धागे, हा १९९२ पासूनचा उमेदवार आहे. उंदीरवर्गीय प्राण्यांत संरक्षण मिळते. पण फिमए जनुकाचे सहा प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यावर नीट बसेलच असे नाही. रोग्यांत प्रकार २ जास्त आढळतो, तर प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एटीसीसी ३३२७७ या वंशाचा प्रकार १ आहे. कवचाच्या बहुशर्करेनेही २००३ मध्ये उंदरांत हाड वाचवले. त्याचे सहा के-प्रकार माहीत आहेत, शिवाय काही वंशांना कवचच नसते. उष्णता-प्रथिन जीआरओईएलबद्दल एक इशारा: ते आपल्या स्वतःच्या एचएसपी६० सारखे दिसते. जो रोग आधीच धमन्यांच्या विकारांशी जोडला जातो, त्याच्या लशीत हा घटक घालणे मला अनाठायी वाटते.

राहतात ती जिंजिपेन्स, म्हणजे या जंतूची प्रथिनभक्षक विकरे. आरजीपीए आणि आरजीपीबी ही आर्जिनिनपाशी कापतात, केजीपी लायसिनपाशी. जंतूच्या पेशीबाहेरच्या प्रथिनभक्षक क्षमतेपैकी सुमारे ८५ टक्के वाटा याच तिघांचा मानला जातो. हा जंतू साखरेवर जगत नाही. त्याला पेप्टाइड लागतात आणि रक्तातला हीम लागतो, आणि दोन्ही मिळवून देतात ती जिंजिपेन्सच. म्हणून लशीच्या दबावाखाली ही हत्यारे टाकून देणे त्याला परवडत नाही. कापणारा भागही वंशावंशांत फार बदलत नाही. प्रतिजनाकडून आपण मागतो ते दोन्ही गुण एका ठिकाणी आले.

केजीपीला पहिला मान देण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते प्रबंधात बहुधा सुटते. केजीपी माणसाचे आयजीजी१ आणि आयजीजी३ (आयजीजीचे उपप्रकार) हिंजपाशी, म्हणजे सांध्यापाशी, कापते. एफएबी (प्रतिपिंडाचा जंतूला धरणारा भाग) जंतूवर चिकटून राहतो, एफसी (त्याची शेपटी) वाहून जातो आणि न्यूट्रोफिलला धरायला काहीच उरत नाही. हे फक्त परीक्षानळीतले निरीक्षण नाही. रुग्णांच्या हिरडीतल्या द्रवातही असे कापलेले आयजीजी१ सापडले आहे. हे विकर इतके नेमके कापते की प्रतिपिंडांचे विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळा तेच विकर हत्यार म्हणून विकत घेतात. तात्पर्य, ऑप्सोनायझेशनवर (प्रतिपिंडाची खूण लावून जंतू पांढऱ्या पेशींकडून गिळवण्यावर) भिस्त ठेवणारी कोणतीही लस पॉकेटात पोहोचल्यावर पांगळी होण्याचा धोका आहे. केजीपीच्या कापणाऱ्या खाचेवर बसणारे प्रतिपिंड मात्र स्वतःला आणि शेजारच्या प्रतिपिंडांनाही वाचवते. त्याला एफसीची फारशी गरज नाही.

मेलबर्न विद्यापीठातल्या रेनॉल्ड्स, ओब्रायन-सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली केएएस२-ए१ ही जोडणी याच विचाराची आहे. तिचा एक भाग केजीपीच्या सक्रिय स्थळाजवळचा तुकडा, दुसरा भाग चिकटण्याचे काम करणारा ए१. या प्रयोगाची खरी किंमत त्याच्या क्रमात आहे. उंदरांना आधी संसर्ग दिला, जंतूविरुद्ध दाहक प्रतिसाद उभा राहू दिला आणि मग लस दिली. तरीही हाड वाचले. संरक्षण आयजीजी१ आणि टीएच२ प्रतिसादाशी (प्रतिपिंडांकडे झुकणाऱ्या टी पेशींच्या प्रतिसादाशी) जोडलेले होते. आयजीजी१ बनवणाऱ्या बी पेशी दुसऱ्या उंदरांत घालून त्यांनी तेही पडताळले. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा जंतू तोंडात वर्षानुवर्षे राहिलेला असतो. म्हणून लस आधी आणि संसर्ग नंतर अशा प्रयोगांपेक्षा हा क्रम आपल्या कामाचा.

एक सावधगिरी. उंदराचे आयजीजी१ आणि माणसाचे आयजीजी१ ही फक्त नावाची जुळी आहेत. उंदराचे आयजीजी१ पूरक साखळी फारशी चेतवत नाही. त्या बाबतीत ते माणसाच्या आयजीजी४ च्या जास्त जवळचे. ‘आयजीजी१ ने संरक्षण मिळते, माणसातही आयजीजी१ वाढवू’ असे वाक्य प्रबंधात आले तर परीक्षक तिथेच थांबवतील.

अ‍ॅडज्युव्हंट आणि हाड

रोगट हिरडीच्या नमुन्यांत निम्म्याहून जास्त टी पेशी आणि सुमारे ९० टक्के बी पेशी आरएएनकेएल दाखवतात, असे २००६ मध्ये दिसले. हाच रेणू अस्थिभक्षक पेशींना जागे करतो. टीएच१७ या दाहक टी पेशींचेही तसेच. ज्या जन्मजात विकारात टीएच१७ पेशी बनत नाहीत त्या रुग्णांत हिरड्यांचा रोग कमी आढळतो, आणि ल्यूकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सीच्या (पांढऱ्या पेशी ऊतकात पोहोचू न शकणाऱ्या जन्मजात विकाराच्या) एका रुग्णात आयएल-१२ व आयएल-२३ रोखणाऱ्या औषधाने हिरडीची जळजळ शमल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले.

म्हणून टीएच१ किंवा टीएच१७ कडे ढकलणारे जहाल अ‍ॅडज्युव्हंट वापरून टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) चौपट केला तर त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. सुरुवात अ‍ॅल्युमिनियम क्षारापासून करावी. तो टीएच२ कडे झुकतो, दशकानुदशके वापरात आहे आणि नियामकांच्या परिचयाचा आहे. नवीन काही वापरायचे असेल तर मानेच्या लसिकाग्रंथींतले आयएल-१७ आणि आयएफएन-गॅमा हे दाहाचे संदेश-रेणू मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नाकातून लस देऊन लाळेत आयजीए (शरीराच्या स्रावांतले प्रतिपिंड) मिळवायची कल्पना आकर्षक आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये ई. कोलायचे उष्णतासंवेदी विष अ‍ॅडज्युव्हंट म्हणून घातलेली फ्लूची नाकातली लस २०००-०१ च्या हंगामात दिली गेली आणि चेहऱ्याचा पक्षाघात वाढल्याचे लक्षात आल्यावर ती बंद झाली. जीवघेण्या नसलेल्या रोगासाठी असा धोका कोणी पत्करणार नाही. शिवाय पॉकेटात आयजीए लाळेतून फारसे उतरत नाही. तिथे पोहोचते ते रक्तातून झिरपणारे आयजीजी. स्नायूत दिलेले इंजेक्शन इथे दिसते तितके चुकीच्या जागी नाही.

हिरडीत थेट प्रतिपिंड सोडण्याचा मार्गही तपासला गेला आहे. अडचण प्रवाहाची आहे. ५ मिमी खोल पॉकेटातला द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो, म्हणजे चालू नळाखाली धरलेल्या वाटीत औषध टाकण्यासारखे झाले. तरी लंडनमध्ये १९९६ मध्ये स्केलिंगनंतर (दातांवरचा थर खरवडून काढल्यावर) एकस्रोती (मोनोक्लोनल) प्रतिपिंड लावलेल्या रुग्णांत पी. जिंजिव्हॅलिस परत रुजायला नऊ महिन्यांपर्यंत विलंब झाला. माझा अर्थ असा: प्रतिपिंड टिकले नाही, पण साफ केलेली जागा दरम्यान दुसऱ्या जंतूंनी घेतली. लशीची वेळ ठरवताना हे फार उपयोगी आहे. स्केलिंग आणि रूट प्लेनिंगच्या दिवशी टायटर आधीच शिखरावर असायला हवा. नंतर वाढू लागला तर मोक्याचे आठवडे गेले.

प्रथिन बनवताना कुठे फसते

पूर्ण जिंजिपेन ई. कोलायमध्ये सरळ बनवायला जाऊ नये. ते स्वतःलाच कापते, यजमान जंतूला मारते किंवा न विरघळणाऱ्या गोळ्यांत अडकते. सक्रिय सिस्टीनच्या जागी अ‍ॅलानिन घालून विकर निष्क्रिय करावे, किंवा केएएस२-ए१ सारखा लहान तुकडा घ्यावा. चिकटणारे भाग नावाप्रमाणेच चिकट असतात; शुद्ध केल्यावर उणे ८० वर ठेवून बाहेर काढले की गुठळ्या होतात. प्रत्येक बॅच टोचण्याआधी डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने किंवा निदान नेटिव्ह जेलवर पाहून घ्यावी. गुठळ्या झालेले प्रथिन टायटर उत्तम देते, पण ती प्रतिपिंडे खऱ्या घडीच्या विकराला ओळखत नाहीत.

खुद्द पी. जिंजिव्हॅलिसमधून विकर वेगळे करायचे असेल तर जंतूला ब्लड अगरमध्ये दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम हेमिन आणि सुमारे १ मायक्रोग्रॅम मेनाडायोन लागते, तापमान ३७ अंश आणि पूर्ण ऑक्सिजनरहित वातावरण (नायट्रोजनमध्ये १० टक्के हायड्रोजन आणि ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइड). काळ्या वसाहती दिसायला आठवडाभर लागतो. या मार्गाचा सापळा असा की जंतू आपली विकरे बाहेर पाठवताना त्यांच्या शेपटीला लिपोपॉलिसॅकराइड जोडतो, आणि ते साध्या कॉलमने सुटत नाही. मग ‘शुद्ध जिंजिपेन’ म्हणून दिलेल्या लशीत अ‍ॅडज्युव्हंटचे काम तेच करून जाते आणि श्रेय विकराला मिळते.

ई. कोलायमधल्या प्रथिनातूनही एंडोटॉक्सिन (म्हणजे लिपोपॉलिसॅकराइडच) काढावेच लागते. ट्रायटन एक्स-११४ ने दोन-तीन वेळा प्रावस्था वेगळ्या कराव्या आणि उरलेले मोजायला लिम्युलस चाचणी करावी. पुनर्संयोजित उपघटक लशींसाठी मिलिलिटरला २० ईयूच्या (एंडोटॉक्सिन युनिटच्या) खाली राहावे, असा साहित्यात सुचवलेला दंडक आहे. आणि नियंत्रण गटाला नुसते सलाइन न देता त्याच ई. कोलायमधून त्याच पद्धतीने काढलेले असंबंधित प्रथिन द्यावे.

टायटर पुरे नाही

एलायझात (प्रतिपिंडे मोजण्याच्या चाचणीत) टायटर १:१,००,००० आले की बरेच जण समाधानाने उंदरांकडे वळतात. तिथे थांबून पुढच्या चाचण्या कराव्यात, आणि त्या सीरमवर न करता त्यातून वेगळ्या काढलेल्या आयजीजीवर कराव्यात. सीरममधले अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन काही जिंजिपेन्सना स्वतःच अडवते; लस न दिलेल्या प्राण्याचे सीरमही मग ‘निष्प्रभ करणारे’ दिसते.

विकराची क्रिया मोजायला पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलाइड जोडलेली आर्जिनिन व लायसिनची द्रव्ये वापरतात आणि ४०५ नॅनोमीटरला वाचतात. पण हे रेणू इतके लहान असतात की खाचेच्या कडेला बसलेल्या प्रतिपिंडाला चुकवून आत शिरतात. त्यामुळे खरोखर चांगले प्रतिपिंड इथे नापास होऊ शकते. सोबत फायब्रिनोजेनसारखे मोठे प्रथिन घालून जेलवर त्याचे तुकडे पाहावेत. विकर चालू राहायला सिस्टीन लागते, साधारण १० मिलिमोलर. डीटीटी वापरले तर प्रतिपिंडाचेच डायसल्फाइड बंध सुटू लागतात. उष्मायनकाळही थोडा ठेवावा, नाहीतर विकर तुमचे प्रतिपिंड खाऊन टाकते. शेवटी एक ओळ फक्त ‘विकर अधिक आयजीजी’ची जेलवर चालवली की हे उघड होते.

त्यानंतर लाल पेशींचे गुठळीकरण रोखले जाते का, ट्रेपोनेमा किंवा फ्युझोबॅक्टेरियमबरोबरचे चिकटणे थांबते का, हे पाहावे. हिरडीच्या पेशींवर चिकटण्याची चाचणी केबी पेशींवर करू नये. त्या तोंडाच्या पेशी म्हणून अजूनही वापरल्या जातात, पण प्रत्यक्षात त्या हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) पेशींनी दूषित झालेल्या आहेत. टेलोमरेजने अमर केलेल्या हिरडीच्या केराटिनोसाइट्स मिळतात, त्या घ्याव्या.

उंदराचा प्रयोग

नेहमीची मांडणी अशी. बाल्ब/सी उंदीर, कारण सी५७ब्लॅक/६ मध्ये या पद्धतीने झीज कमी होते. दर गटात १० ते १२. पाण्यातून सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिम सुमारे १० दिवस, मग तीन दिवस विनाऔषध. नंतर २ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये सुमारे १०० कोटी जिवंत जंतू, ०.१ मिलि, तोंडातून, एक दिवसाआड तीन वेळा. साधारण सहा आठवड्यांनी जबडा काढून, मांस साफ करून, मिथिलिन ब्ल्यूने रंगवून इनॅमलच्या कडेपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर १४ ठिकाणी मोजायचे.

गटांतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. जबडा ठेवताना थोडा कलला तरी तितकी चूक होते. म्हणून मोजणाऱ्याला गट माहीत नसावा आणि प्रत्येक जबडा दोनदा मोजावा. सूक्ष्म-सीटी मिळत असेल तर उत्तम. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे संसर्ग न दिलेला गट वेगळ्या पिंजऱ्यातच हवा. एका गटाचे सगळे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले तर तुम्ही लस मोजता की पिंजरा, हे कळत नाही. हा जंतू उंदराच्या तोंडात कायमचा रुजतही नाही आणि झीज तिथल्या मूळच्या जंतूंच्या मदतीने होते. त्यामुळे प्राणिगृह बदलले की निकाल बदलतो.

वंशाची निवड विचार करून करावी. डब्ल्यू८३ या वंशाला कवच आहे पण फिंब्रिया विरळ; ३३२७७ ला फिंब्रिया आहेत पण कवच नाही. फिंब्रियाची लस देऊन डब्ल्यू८३ ने संसर्ग दिला तर अपयश आधीच ठरलेले असते. दोन्ही वंशांवर संरक्षण दिसले तरच त्यावर विश्वास ठेवावा. दोऱ्याची पद्धत (५-० रेशमी दोरा दुसऱ्या दाढेभोवती) आठवड्याभरात निकाल देते, पण झीज इतकी झपाट्याने होते की लशीचा मध्यम परिणाम तिच्यात बुडून जातो.

आणि उंदरावर भिस्त किती ठेवायची? अमेरिकेत कुत्र्यांच्या दंतरोगासाठी पॉर्फिरोमोनासच्या तीन प्रजातींची मारलेल्या जंतूंची लस सशर्त परवान्यावर बाजारात आली होती. तिला आधार होता उंदरांमधल्या संरक्षणाचा. कुत्र्यांमधल्या पुढच्या चाचण्यांत अपेक्षित परिणाम सिद्ध झाला नाही आणि ती मागे घेतली गेली. या क्षेत्रात बाजारापर्यंत गेलेली लस शोधायची तर ती हीच.

माणसातली चाचणी अवघड का

निरोगी तरुणांना लस देऊन रोग टळतो का हे पाहायला दशके लागतील. म्हणून व्यवहार्य जागा एकच: स्टेज ३ (तीव्र रोग), ग्रेड बी किंवा सी (मध्यम किंवा जलद वाढ) असलेला, पी. जिंजिव्हॅलिस क्यूपीसीआरने (जंतूचा डीएनए मोजणाऱ्या चाचणीने) सिद्ध झालेला रुग्ण, ज्याला स्केलिंगच्या आधी लस देऊन रोग परततो का ते पाहायचे. पण स्केलिंग स्वतःच ४ ते ६ मिमीच्या पॉकेटात सरासरी सव्वा मिमीच्या आसपास खोली कमी करते आणि ७ मिमीपुढच्यात दोन मिमीहून थोडी जास्त. हाताने प्रोबिंग करताना होणारी चूक १ मिमीपर्यंत असते. लशीचा जास्तीचा फायदा या दोघांमध्ये शोधायचा आहे. शिवाय चाचणीत आलेला प्रत्येक जण नीट ब्रश करू लागतो आणि प्लासिबो गटही सुधारतो.

सांख्यिकीत ठरलेली चूक म्हणजे २८ दातांच्या १६८ जागा स्वतंत्र मानणे. एकक रुग्ण असतो, जागा नव्हे. आपल्याकडे तंबाखूनुसार गट पाडणे तर अनिवार्यच. २०१६-१७ च्या गॅट्स (प्रौढांमधल्या तंबाखूच्या) पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक न ओढता. मिश्री लावणारी व्यक्ती दिवसातून अनेकदा तीच भाजलेली तंबाखू हिरडीवर घासते. त्या जागेचा ऊतक-प्रतिसाद विडी ओढणाऱ्यापेक्षाही वेगळा. प्रश्नावलीत ‘धूम्रपान: हो/नाही’ एवढेच विचारले तर हे सगळे ‘नाही’मध्ये जमा होतात. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) सर्वांचे हवे. मधुमेही रुग्णात ते ७ किंवा त्याहून जास्त असेल तर ग्रेडच बदलतो.

सुरक्षिततेची पट्टीही उंच आहे. याच जिंजिपेन्सपैकी केजीपीला रोखणारी गोळी अल्झायमरच्या रुग्णांत तपासली गेली. २०२१ मध्ये ती मुख्य उद्दिष्टे गाठू शकली नाही आणि यकृतावरचे परिणामही समोर आले. स्केलिंगसारखा स्वस्त उपाय हाताशी असताना हिरडीसाठी असे दुष्परिणाम नियामक चालवून घेणार नाहीत.

प्रबंधात काय जमेल

तीन वर्षांच्या एमडीएसमध्ये प्रथिन बनवून, प्राणी-नीतिसमितीची मंजुरी घेऊन उंदरांचा प्रयोग पुरा करणे क्वचितच जमते. त्याऐवजी रुग्णांमधून लशीच्या रचनेला उपयोगी पडेल असा एक प्रश्न घ्या: ज्यांच्या सीरममध्ये पी. जिंजिव्हॅलिसविरुद्धचे आयजीजी भरपूर आहे, त्यांचे आयजीजी केजीपीला खरोखर अडवते का, आणि पॉकेटातल्या द्रवात ते अखंड असते का?

प्रत्येक रुग्णाच्या एका खोल आणि एका निरोगी जागेतून कागदी पट्टीवर ३० सेकंद द्रव घ्या. प्रोबिंग त्यानंतर करा, आधी केले तर रक्त मिसळते. लाल झालेली पट्टी टाकून द्या. पट्टी लगेच टीएलसीके (जिंजिपेन्सना रोखणारे रसायन) घातलेल्या बफरमध्ये बुडवा. नुसते ल्यूपेप्टिन पुरत नाही, ते आर्जिनिनवाल्यांना रोखते पण केजीपी बऱ्याच अंशी सुटते. नुसत्या सलाइनमध्ये ठेवलेल्या पट्टीत आयजीजी नळीतच कापले जाते, आणि मग तो तुकडा पॉकेटात झाला की फ्रीजमध्ये हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडीत एक पट्टी अखंड मानवी आयजीजी१ लावून तशीच हाताळा. वेस्टर्न ब्लॉट रिड्यूस न करता चालवा, एफसीविरुद्धचे आणि एफएबीविरुद्धचे प्रतिपिंड वेगवेगळे वापरा. त्याच दिवशी त्याच जागेतून पेपर पॉइंटने क्यूपीसीआरसाठी नमुना घ्या. यंत्रसामग्री बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मिळते. क्यूपीसीआर नसेल तर बाहेरून करून घेता येते, पण डीएनए स्वतः काढून पाठवा.